फुकट काम करतात, म्हणून हिशेब विचारायचा नाही?

‘बिचारे फुकट काम करतात, त्यांना काय जाब विचारायचा?’ हे वाक्य मी दोन देशांत ऐकलं आहे. कोकणातल्या एका उर्दू हायस्कूलच्या स्नेहसंमेलनात ऐकलं, आणि कॅलिफोर्नियात माझी मुलगी ज्या सरकारी खर्चाच्या प्राथमिक शाळेत जाते तिच्या पार्किंगमध्येही ऐकलं. भाषा वेगळी होती, सूर तोच होता. थोडी कृतज्ञता, थोडा आळस आणि ‘उगाच वाईटपणा कशाला घ्या’ ही भीती. माझं म्हणणं सरळ आहे. शाळा चालवणारा माणूस पगार घेत नाही ही चांगलीच गोष्ट, पण त्यामुळे त्याला हिशेबातून सूट मिळत नाही. पगारी माणसाला निदान नोकरी जायची धास्ती असते. बिनपगारी माणसाला कशाची असते? प्रश्न विचारले जाण्याची असली तर असते. तीही आपण काढून घेतली तर उरतो फक्त त्याचा स्वभाव, आणि स्वभावाच्या भरवशावर तीनशे मुलांची शाळा सोडायची नसते.

चार्टर शाळा म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण आपल्याकडे बरेच जण तिला खाजगी शाळा समजतात. ती खाजगी नाही. फी नाही, पैसा सरकारचा, जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर चिठ्ठ्या टाकून प्रवेश. फरक असा की ती नेहमीच्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या थेट हाताखाली चालत नाही. डिस्ट्रिक्टसारखी एखादी सरकारी यंत्रणा तिला काही वर्षांची सनद देते, सनदेत शाळेने काय काय करायचं ते लिहिलेलं असतं, मुदत संपली की काम बघून नूतनीकरण होतं किंवा होत नाही. मिनेसोटा राज्याने असा पहिला कायदा १९९१ मध्ये केला, पुढच्या वर्षी तिथल्या सेंट पॉल शहरात पहिली शाळा उघडली आणि त्याच १९९२ मध्ये कॅलिफोर्नियानेही कायदा केला. या शाळा चांगल्या की वाईट, त्या सरकारी शिक्षण मोडतात की सुधारतात, यावर इथे कडाक्याचं भांडण आहे. त्यात मी पडत नाही.

मला बोलायचं आहे ते बोर्डाबद्दल. साध्या डिस्ट्रिक्टचं बोर्ड बहुतेक ठिकाणी मतदार निवडून देतात. चार्टर शाळेचं बोर्ड सहसा असं निवडून येत नाही. पाच, सात, नऊ माणसं, सगळी बिनपगारी, आणि जागा रिकामी झाली की बहुतेक वेळा उरलेलेच नवा माणूस निवडतात. म्हणजे पैसा जनतेचा आणि मालकासारखी खुर्ची स्वतःच स्वतःला भरणारी. आपल्याकडच्या संस्थांचे विश्वस्त ज्याने जवळून पाहिले आहेत त्याला हे चित्र अनोळखी वाटायचं नाही.

आमच्या शाळेच्या बोर्डात सात जण. पालकांसाठी राखलेल्या एका जागेवर मी तीन वर्षं बसलो. महिन्यातून एक संध्याकाळ बैठक, आणि नीट करायचं असेल तर त्याआधी दोन संध्याकाळी कागद वाचायचे. काम काय? मुख्याध्यापक नेमणं आणि दर वर्षी त्यांचं मूल्यमापन करणं, अंदाजपत्रक मंजूर करणं, ऑडिट वाचणं, सनदेत दिलेली वचनं पाळली जातात की नाही हे पाहणं. बस. वर्गात कोणती कविता शिकवायची, डब्याची सुट्टी किती वाजता, हे बोर्डाचं काम नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण या रेषेच्या दोन्ही बाजूंना घसरण आहे. एका बाजूला शिक्का मारणारं बोर्ड, जे मुख्याध्यापक देतील त्या कागदावर सही करतं आणि चहा पिऊन घरी जातं. दुसऱ्या बाजूला लुडबुड करणारं बोर्ड, जे शिक्षकांना थेट फोन करतं. गंमत म्हणजे एकच बोर्ड एकाच रात्री दोन्ही असू शकतं. आमच्याकडे एकदा गणवेशाच्या टी-शर्टचा रंग पाऊण तास चालला आणि लाखो डॉलरचं अंदाजपत्रक आठ मिनिटांत पास झालं. रंगाबद्दल प्रत्येकाला मत असतं. अंदाजपत्रक वाचलेलं असावं लागतं.

(माझ्या धंद्यातल्या लोकांचा वेगळाच रोग आहे. आम्हाला प्रत्येक गोष्टीचा डॅशबोर्ड हवा असतो. शाळेकडून आलेखांची भेंडोळी मागवायची आणि त्यातला एकही प्रश्न मुख्याध्यापकांना विचारायचा नाही, हे इंजिनिअर सदस्यांना छान जमतं.)

पैशाचं गणित इथे समजून घ्यायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. कॅलिफोर्नियात शाळेला मूळ अनुदान मिळतं ते पटावरच्या मुलांवर नाही, रोजच्या सरासरी हजेरीवर. समजा तीनशे मुलांची शाळा आहे आणि हजेरी ९५ टक्क्यांवरून ९२ वर आली. पटावर मुलं तेवढीच, शिक्षक तेवढेच, वर्ग तेवढेच, पण अनुदानाच्या हिशेबात नऊ मुलं गळाली. मुलामागे १२ हजार डॉलर धरले तर १ लाख ८ हजार डॉलर गेले. म्हणजे एका शिक्षकाचा वर्षाचा पगार, कमीजास्त. एक तापाची साथ आली की एवढं होतं. म्हणून डिसेंबर आणि मार्चमध्ये जे मधले आर्थिक अहवाल द्यावे लागतात ते वाचणं ही औपचारिकता नाही. तिथेच कळतं की जूनमध्ये कोणाला घरी पाठवावं लागणार आहे.

आमच्याकडे अशीच तूट आली. उपाय म्हणून इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांसाठीच्या दोन मदतनीसांचे तास निम्मे करायचे ठरलं, आणि हा विषय विषयपत्रिकेत कुठे होता? चर्चेविना एकत्र मंजूर करायच्या यादीत, झेरॉक्स मशीनचं भाडं आणि सहलीची बस यांच्या मध्ये. कोणी मुद्दाम लपवलं असं मी म्हणत नाही. पण ती यादी आमच्यातल्या बहुतेकांनी सवयीने पास केली असती. ते अडलं एका आईमुळे. ती रात्रपाळीत नर्सिंग होममध्ये काम करते, तिचं इंग्रजी अडखळतं. तिने दारावर चिकटवलेली विषयपत्रिका फोनमध्ये भाषांतर करून वाचली होती. बैठकीत नागरिकांना बोलायला मिळतात त्या तीन मिनिटांत ती एवढंच म्हणाली की माझा मुलगा दुसरीत आहे, त्याला वाचायला शिकवणारी बाई तीच आहे, तिचे तास कापायचे तर निदान त्यावर बोला तरी. विषय यादीतून बाहेर काढावा लागला, पुढच्या महिन्यावर गेला आणि शेवटी फर्निचरची खरेदी पुढे ढकलून पैसे निघाले.

त्या आईने हे तिच्या वजनावर केलं नाही; तिच्याकडे वजन नव्हतंच. तिच्या हातात एक कायदा होता. १९५३ सालचा ब्राउन कायदा म्हणतो की स्थानिक सार्वजनिक संस्थेची नियमित बैठक घ्यायची तर विषयपत्रिका किमान ७२ तास आधी लावा, त्यात नसलेल्या विषयावर सहसा निर्णय घेऊ नका, लोकांना बोलू द्या. बंद दाराआड काय बोलता येतं त्याची यादी छोटी आहे: एखाद्या कर्मचाऱ्याचा प्रश्न, कोर्टातला दावा, अशी. आणि सगळ्यात जाचक वाटणारं कलम म्हणजे बहुसंख्य सदस्यांनी बैठकीबाहेर त्या संस्थेच्या विषयावर आपसात खल करायचा नाही, एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला सांगत साखळी करूनही नाही. सात जणांच्या बोर्डातल्या चौघांनी व्हॉट्सॲपवर ठरवून टाकलं तर ती बेकायदा बैठकच.

नव्या सदस्यांना हे भयंकर वाटतं. ‘अहो, आम्ही मित्र आहोत, जुम्म्यानंतर भेटलो तर शाळेबद्दल बोलायचंही नाही?’ चौघं असाल तर नाही, बैठकीत बोला. ‘याने कामं रखडतात.’ हो, रखडतात. मदतनीसांचे तासही असेच एक महिना रखडले होते आणि ते रखडले म्हणून वाचले.

चार्टर शाळांना हा कायदा लागू आहे की नाही यावर कॅलिफोर्नियात वर्षानुवर्षं वाद चालला. बऱ्याच शाळा म्हणायच्या, आमची ना-नफा संस्था आहे, आम्ही सरकार नाही. मार्च २०१९ मध्ये गव्हर्नर गॅविन न्यूसम यांनी सही केलेल्या कायद्याने तो संपला: खुल्या बैठका, कागदपत्रं मागण्याचा लोकांचा हक्क आणि हितसंबंध जाहीर करण्याची सक्ती, तिन्ही लागू. बोर्डात बसताना मला माझ्या आर्थिक हितसंबंधांचा फॉर्म भरावा लागला, आणि तो कोणीही मागून वाचू शकतो. त्याच वर्षी मे महिन्यात सॅन डिएगो काउंटीत ए-थ्री नावाच्या ऑनलाइन चार्टर जाळ्यातल्या ११ जणांवर आरोप ठेवले गेले. प्रकरण कोट्यवधी डॉलरच्या सरकारी पैशाचं होतं आणि दोन म्होरक्यांनी २०२१ मध्ये गुन्हा कबूल केला. त्या शाळांनाही कागदावर बोर्डं होतीच. सह्या होत्याच.

आता आपल्या लोकांबद्दल. अमेरिकेत आपण, म्हणजे भारतातून आलेले मुसलमान, शाळेच्या बैठकीला कधी उगवतो? ईदच्या सुट्टीचा विषय असला की, किंवा जेवणात हलाल मिळावं म्हणून. मागण्या रास्त आहेत, मीही त्यांच्या बाजूने बोललो आहे. पण मार्चच्या आर्थिक अहवालाला आपला एकही माणूस नसतो. मुख्याध्यापकांच्या मूल्यमापनाच्या वेळी नसतो. मग बोर्डाच्या नजरेत आपण वर्षातून एकदा काहीतरी मागायला येणारी जमात होतो, शाळेचे धनी होत नाही. हितसंबंधांच्या फॉर्मला आणि कंटाळवाण्या तक्त्यांना जो बसतो त्याला ईदच्या सुट्टीसाठी गयावया करावी लागत नाही. तोपर्यंत तो त्या टेबलावरचाच झालेला असतो.

पण हे सगळं मी तुमच्यासाठी मराठीत लिहायला घेतलं ते आपल्या गावाकडच्या शाळांमुळे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २१ शाळा व्यवस्थापन समिती सांगतं. किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या स्त्रिया. समितीने शाळेच्या कामावर लक्ष ठेवायचं, विकास आराखडा करायचा, अनुदान कुठे खर्च होतं ते बघायचं. जिल्हा परिषदेच्या आणि पालिकेच्या शाळांत ती असते. कितीतरी ठिकाणी इतिवृत्ताचं रजिस्टर घरोघर फिरवून सह्या घेतल्या जातात, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. तरी कागदावर का होईना, आईबापांना खुर्ची आहे. आपल्या अनुदानित अल्पसंख्याक शाळांत? २०१२ च्या दुरुस्तीने तिथली समिती केवळ सल्लागार केली. पुढे ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी ‘प्रमती’ खटल्यात अल्पसंख्याक शाळांना तो कायदाच लागू नाही असा निकाल दिला. १ सप्टेंबर २०२५ ला दोन न्यायाधीशांच्या पीठाने त्या निकालावर शंका घेत प्रश्न मोठ्या पीठापुढे नेण्यासाठी सरन्यायाधीशांकडे पाठवला आहे, आणि तो खटला महाराष्ट्रातल्याच एका संस्थेच्या नावाने ओळखला जातो. पुढे काय व्हायचं ते होईल.

घटनेच्या कलम ३० चं मोल मला कमी वाटत नाही. सरकार उद्या आपल्या शाळेत कोण शिकवणार, काय शिकवणार, हे ठरवू लागलं तर काय होईल ते आज वेगळं सांगायला नको. पण ते कलम नीट वाचा. शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क अल्पसंख्याकांना आहे. अल्पसंख्याकांतल्या एका घराण्याला नाही. हे संरक्षण सरकारपासून आहे, आणि दुसरीतल्या मुलाची आई म्हणजे सरकार नव्हे. ती तर तीच अल्पसंख्याक आहे जिच्या नावाने हा हक्क मागितला गेला. सरकारला दाराबाहेर ठेवण्यासाठी मिळालेली कडी आपल्या विश्वस्तांनी आईबापांच्या तोंडावर लावली आहे. केरळ शिक्षण विधेयकाच्या वेळी, १९५८ मध्येच, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की कारभाराच्या हक्कात गैरकारभाराचा हक्क येत नाही.

यावर मला तीन उत्तरं नेहमी मिळतात. एक, ‘आजोबांनी जमीन दिली, वडिलांनी दारोदार फिरून विटा जमवल्या, आता कोण कुठले येऊन विचारणार?’ त्या आजोबांचं नाव इमारतीवर असू द्या, कोनशिलेवर असू द्या, त्यांच्यासाठी दुआ करू. पण जमीन एकदा दिली की दिली. जिला आपण अमानत म्हणतो ती नातवाला वारशात मिळत नाही. दोन, ‘निवडणूक आणली की गटबाजी होते.’ होते. आता होत नाही का? आता ती दोन चुलत भावांत होते आणि शिक्षकांचे प्रस्ताव त्यात अडकतात.

तिसरं उत्तर खरं वजनदार आहे आणि ते मी झटकणार नाही. ‘दिवस असे आहेत, आपल्या संस्थांवर टपूनच बसलेत, तू घरातली धुणी चव्हाट्यावर आणतोस.’ भीती खरी आहे. पण नोटीस आली की पहिलं काय तपासलं जातं? दप्तर. महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अहवाल द्यायचा असतो, हिशेब तपासून सादर करायचे असतात. परिशिष्ट १ वर ज्या विश्वस्तांची नावं आहेत त्यातले निम्मे कब्रस्तानात आहेत, अशी संस्था तुमच्या तालुक्यात नाही? मग टपून बसलेल्याला आयतं हत्यार दिलं कोणी, प्रश्न विचारणाऱ्याने की बदल अहवाल न देणाऱ्याने? ज्या संस्थेचं ऑडिट नोटीस बोर्डावर लागलेलं असतं तिच्याबद्दल अफवा उठवणं जड जातं, आणि वेळ आलीच तर तिच्या मागे दोनशे पालक उभे राहतात. ज्यांना कधी आत येऊ दिलं नाही ते वेळेला का येतील?

कायद्याची वाट बघायचीही गरज नाही. सरकार सक्ती करू शकत नाही, ठीक. पण पालकांना मतासह बोर्डात घेण्यापासून, विषयपत्रिका आठवडाभर आधी फाटकावर लावण्यापासून कलम ३० ने कोणत्या संस्थेला अडवलं आहे? विश्वस्ताने सलग दोन मुदतींनंतर एक मुदत बाहेर बसावं, असं संस्थेच्या घटनेत रीतसर दुरुस्ती करून घालता येतं. ज्या वस्तूची खरेदी विश्वस्ताच्या मेहुण्याच्या दुकानातून आहे तिच्या ठरावावेळी त्याने उठून बाहेर जावं, यासाठी तर घटनादुरुस्तीही लागत नाही, लाज पुरते. आणि स्त्रिया. मुलांना शाळेत सोडतात त्या, गृहपाठ घेतात त्या, शाळेत बोलावणं आलं की जातात त्या, आणि विश्वस्तांच्या ग्रुप फोटोत एकही नसते.

तुम्ही पंचविशी-तिशीतले आहात. परिशिष्ट १ चा उतारा धर्मादाय कार्यालयातून मागता येतो, मागा. आपल्या शाळेच्या विश्वस्तांत कोण हयात आहे ते बघा. मग आरोप करायला नाही, जागा मागायला जा: मी सीए आहे, मी वकील आहे, मी महिन्यातल्या दोन संध्याकाळी देतो, तीन वर्षांनी उठतो. ‘बेटा, तू शिकलेला आहेस, तू बाहेरून मदत कर,’ असं गोड उत्तर मिळेल. बाहेरून मदत म्हणजे पैसे. तिथे थांबू नका.

आम्ही परदेशातले तर याच गोडव्यावर पोसलेले आहोत. रमजानमध्ये फोन येतो, फोटो येतो, आम्ही पैसे पाठवतो आणि मोकळे होतो. यंदा गावाकडच्या एका संस्थेने संगणक कक्षासाठी मदत मागितली. मी आणि आणखी चार मित्रांनी मिळून रक्कम बाजूला काढून ठेवली आणि कळवलं की गेल्या वर्षीचं तपासलेलं ताळेबंद पत्रक आणि शेवटच्या दोन बैठकींची इतिवृत्तं पाठवा, त्याच दिवशी पैसे पाठवतो. त्यानंतर मला कोनशिलेवर नाव कसं लिहायचं, हे विचारणारा मेसेज आला. ताळेबंद अजून आलेला नाही. पैसे आमच्याकडेच आहेत.